मठाच्या विहिरीवरची मार्था

मार्था, तुझा खड्डा आमच्या वस्तीतल्या माणसांनी खोदला. हे तुला आधी सांगते, कारण बाकीचं सगळं तुला ठाऊक आहे आणि हे मात्र तू पाहिलं नाहीस.

वैशाखातली आपल्या नेरखेडची जमीन कशी असते ते मी तुला काय सांगू. वरून भेगाळलेली, हात घातला तर कोपरापर्यंत आत जावा, आणि खाली दगडासारखी कडक. मठाच्या आवारात, जुन्या गोऱ्या साधूंच्या कबरींच्या ओळीला लागून तुझी जागा ठरली. तुमच्या ख्रिस्ती लोकांतले तरणे सगळे अकोल्याला नाहीतर भुसावळला नोकरीत. गावात उरलेले म्हातारे कुदळी घेऊन आले आणि पाहतात तर माझा बा तिथे आधीच उभा. सोबत वस्तीतले पोट्टे. हा तोच माणूस, ज्याने बुद्धाचा धम्म घेतल्यापासून गावाचं मेलेलं ढोर ओढलं नाही, गावाच्या मयताचा सांगावा घेऊन गेला नाही, कोणाचं सरण रचलं नाही. पाटलाचा निरोप आला तरी उंबऱ्याबाहेर पाय टाकला नाही. मी म्हटलं, "बा, तुमी तर शप्पथ घेतली होती."

"थे गावकीचं काम होतं," तो म्हणाला. "हे घरचं हाये." आणि पहिला घाव त्यानेच घातला.

तुझ्या मातीला अकोल्याहून सिस्टर आल्या होत्या, त्यांच्यातली एक तरुण मुलगी माझ्याजवळ येऊन उभी राहिली. म्हणाली, "एवढ्याशा गावात येशूचं एवढं मोठं देऊळ कसं हो?" मला हसू आलं. आपण शाळेत असताना बाहेरचा कोणीही आला की हेच विचारायचा. मग मी तिला सगळं सांगितलं. मोठ्या दुष्काळाच्या आधी पांढऱ्या झग्यातले परदेशी साधू पूर्णेच्या काठाने आले. या खारपाणपट्ट्यात जिथे पन्नास हात खोदलं तरी खारंच पाणी लागतं, तिथे त्यांच्या विहिरीला गोडं पाणी लागलं, म्हणून ते इथेच थांबले. आपल्याकडे माती मोप, दगड नाही. काळा दगड लांबून बैलगाड्यांनी आला, सागवान मेळघाटातून आलं. देवळामागे साधूंच्या कोठड्यांची ओळ, तिच्यापुढे कमानींची पडवी. साधू एकेक करून इथेच गेले, इथेच पुरले गेले, आणि मागे सिस्टर राहायला आल्या. काळी जमीन दर उन्हाळ्यात हलते, भिंतीला भेग पडते, पावसाळ्यात ती भेग मिटते. तू म्हणायचीस, "आपलं देऊळ श्वास घेते." त्या मुलीला मी हे तुझं वाक्य सांगितलं. ती भिंतीजवळ गेली आणि तिने भेगेवर हात ठेवून पाहिला.

त्या पडवीत तर आपली शाळा भरायची. तरटावर तू माझ्या डाव्या अंगाला. सिस्टरच्या शाळेत सगळे एका तरटावर बसत, म्हणून गावातल्या बऱ्याच घरांनी पोरं पाठवली नव्हती, आणि म्हणून आपल्याला ऐसपैस जागा होती. तुझी आजी दुपारी पडवीच्या पायरीवर बसून चिंचोके फोडायची. दुष्काळात आईबाप मेल्यावर ती या फाटकाशी येऊन पडली होती. ती ते कोणालाही सांगायची, न रडता, जसं एखादी बाई माहेरचं सांगते तसं.

मग माझं लग्न झालं. मला भाऊ नव्हता, म्हणून बाने घरजावई आणला आणि मी गावातच राहिले. तू मात्र गेलीस. एक दिवस ट्रंक घेऊन गाडीत बसलीस आणि दूर दक्षिणेकडे सिस्टर व्हायला निघालीस. मला सांगितलंही नाहीस. मी इतकी चिडले होते की तुझ्या घरावरून जाताना तोंड फिरवून जायची. काही वर्षांनी पांढरा झगा आणि काळा पदर घालून तू परत आलीस, सिस्टर क्लारा होऊन, आणि पहिल्याच दिवशी आमच्या अंगणात उभी राहिलीस. बा गोंधळून गेला.

"इचं लगन झालं म्हनते?" त्याने मला हळूच विचारलं.

"हाव काका," तूच बोललीस. "येशूशी झालं."

"मंग सासर कोठी देलं?"

"इथंच. मठात. मीबी सुभीसारखीच, माहेरातच नांदून राहिली."

बा असा हसला की त्याला ठसका लागला. मी मात्र हसले नाही. मला तुझा राग अजून पुरवून वापरायचा होता. तू तो मला वापरू दिला नाहीस. दुसऱ्याच आठवड्यात पुस्तकं घेऊन आलीस आणि म्हणालीस, "सुभे, सातवी फायनलच्या परीक्षेले बसाचं." मी म्हटलं, माझ्या कडेवर पोरगी आहे. तू म्हणालीस, "तिले माह्या कडेवर दे आन लिही." आज मी गावच्या शाळेत मास्तरीण आहे, लोक मला बाई म्हणतात. त्यामागे तुझ्या झग्यावर माझ्या पोरीने किती वेळा ओलं केलं ते फक्त तुला आणि मला ठाऊक.

छप्पन सालची गोष्ट मी सगळ्यांना सांगत आले आहे. तुझ्यासमोर कधी सांगितली नाही, कारण तू उठून जायचीस. आता ऐक.

आमची माणसं नागपूरला जाऊन आली. पांढरी लुगडी नेसून, उपाशी, पायांना फोड आलेले, आणि तोंडावर असं तेज की म्हातारी माणसंही ओळखू येईनात. घरातले जुने देव नदीत सोडले. गावकीची कामं सोडली. गावाने त्याचं उत्तर विहिरीवर दिलं. गावच्या विहिरीतून आम्हाला कधीच शेंदू देत नव्हते. आम्ही खाली घागर ठेवून उभं राहायचं आणि कोणी बाईने दया आली तर वरून ओतायचं. आता तेही बंद झालं. उरली ती आमच्या वस्तीची खारी विहीर आणि नदीच्या वाळूत उकरलेले झिरे. आठवड्याभरात पोरांना हगवण लागली. माझी पोरगी तापाने आणि उलट्यांनी इतकी सुकली की तिचे डोळे मोठे दिसायला लागले.

तू औषध द्यायला आलीस. घागरीतलं पाणी ओंजळीत घेऊन प्यायलीस. मग म्हणालीस, "घागर घे. मठात चाल."

बा आडवा आला. "नाई. आज पानी देतीन, उद्या गळ्यात क्रूस घालतीन. आमाले कोनाचं काई नोको."

दुसरी कोणी असती तर रागावली असती, नाहीतर शपथा घेतल्या असत्या. तू ओट्यावर बसलीस. "काका, तुमी आताच एक धर्म सोडून दुसरा घेतला. दमले असान. मी तुमाले तिसरा कायले देऊ?"

बाने कोपऱ्यातली घागर उचलून माझ्या हातात दिली. मग बाजूला झाला.

मठाचं मागचं फाटक तू उघडलंस. मोठ्या सिस्टरांची परवानगी नव्हती. त्या म्हणाल्या होत्या की वरून, मोठ्या कचेरीतून विचारून घेऊ. तू थांबली नाहीस. आमच्या दहा-बारा बाया विहिरीपाशी जाऊन सवयीने घागरी खाली ठेवून, हात मागे घेऊन उभ्या राहिल्या. मीही उभी राहिले. शिकलेली होते, धम्म घेतला होता, तरी अंगाला जे वळण होतं ते होतं. तू आमच्याकडे पाहिलंस. तुझ्या हातात दोर होता. तू बादली शेंदली नाहीस. दोर माझ्या हातात दिलास आणि म्हणालीस, "वढ."

मार्था, शाळेत सिस्टर माठातलं पाणी वाढायच्या, त्यामुळे त्या आधी मी कधी गोड्या पाण्याच्या विहिरीत वाकून पाहिलं नव्हतं. आत माझंच तोंड दिसलं. मी बादली सोडली, आणि तू माझ्या मागे उभी राहून माझ्या पोरीला कडेवर झुलवत होतीस, जसं काही विशेष घडत नाही.

विशेष घडलं ते रविवारी. पाटलाच्या माणसाने ख्रिस्ती घरांना निरोप दिला की मठ त्यांना पाणी देणार असेल, तर तुम्ही कोणी कापूस वेचायला येऊ नका. ऐन वेचणीचे दिवस. मिस्सेची पूजा झाल्यावर लोक देवळातच बसून राहिले. मी घागर घेऊन बाजूच्या दाराशी उभी होते, म्हणून मी सगळं ऐकलं. दाऊदकाका तुमच्यातले वडीलधारे, सज्जन माणूस. ते उठून म्हणाले, "आपन मूठभर हाओत. गावाशी वैर आपल्याले झेपनार नाई. त्याईनं दुसरी सोय पाहावं." म्हातारे परदेशी फादर वेदीजवळ उभे होते, त्यांना अर्धं समजत होतं.

सिस्टरांनी देवळात बोलायचं नसतं. तू उठलीस.

"दाऊदकाका, तुमचा बाप या देवळात कसा आला थे सांगा."

ते खाली पाहू लागले.

"मंग मी सांगतो. माही आजी आन तुमचा बाप एकाच दिसी या फाटकाशी येऊन पडले. अंगावर चिंधी नोती. साधूनं त्याईले जात इचारली नाई, गाव इचारलं नाई. आधी पानी पाजलं. त्या दिसी साधूनं गावाले भेऊन फाटक लावलं असतं, तर हे देऊळ आजबी उभं असतं. आपन नसतो."

तुझा आवाज चढला नव्हता. त्या उंच छताखाली तो इतका स्पष्ट ऐकू आला की कबुतरं उडाली. मोठ्या सिस्टर तुला खाली बसायची खूण करत होत्या. तू उभीच राहिलीस, घाम आलेला, झग्याची बाही मुठीत धरलेली. मला तेव्हा कळलं की तू घाबरलेली होतीस. आधी मला वाटायचं, तुला भीतीच वाटत नाही.

दाऊदकाकू पहिल्या उठल्या. नवऱ्याकडे पाहिलंही नाही. पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "चाला वं बायाहो, पानी भराले." एकामागे एक बाया उठल्या, माझ्याजवळून बाहेर गेल्या, घरून घागरी घेऊन आल्या आणि विहिरीवर आमच्यात मिसळून उभ्या राहिल्या. त्या दिवशी कोणाची घागर कोणती ते सांगता आलं नसतं.

पाटलाने काही दिवस ताणून धरलं. बोंडं फुटून कापूस खाली लोंबायला लागला, वाऱ्याने उडायला लागला. वेचायला हात नव्हते. मग त्याने पुन्हा निरोप धाडला, सगळ्यांना, आम्हालाही. पाण्याचा विषय निघाला नाही. मठाचं मागचं फाटक तेव्हापासून लागलेलं नाही.

पण तुला शिक्षा झाली. परवानगीवाचून फाटक उघडलं आणि देवळात तोंड उघडलं म्हणून तुला अकोल्याच्या इस्पितळात पाठवलं. मी एस.टी.पर्यंत पोचवायला आले होते आणि रस्ताभर तुझ्याशी भांडत होते. "नोको जाऊ. नाई म्हन. तुनं काय वाईट केलं?"

"एक आज्ञा मोडली ना वं," तू म्हणालीस. "दुसरी तं पाळू दे."

"तुह्या देवानं बरी शिक्षा देली तुले."

"देवानं नाई, मोठ्या सिस्टरनं. देवाचं अजून काई आलं नाई." आणि एस.टी.त चढताना डोळा मिचकावलास. सिस्टरांना तो मिचकावता येतो हे मला माहीत नव्हतं.

त्या बाबतीत आपलं कधी जमलं नाही. मला तुझं ते निमूट जाणं आजही पटत नाही. आम्ही हुकूम मोडून माणूस झालो. तू हुकूम पाळून काय मिळवत होतीस? मी हे तुला कितीदा विचारलं. तू म्हणायचीस, "मी मालकाचा हुकूम पाळून नाई राहिली, शब्द देला थो पाळून राहिली." मी म्हणायची, एकच ते. तू म्हणायचीस, नाही. आणि मग चहा.

काही वर्षांनी नव्या मोठ्या सिस्टर आल्या आणि त्यांनी तुला परत आणवलं. साधूंच्या जेवणघरात तू दवाखाना थाटलास. वस्तीतली किती पोरं तुझ्या हातावर जन्मली ते आता मोजणारं कोणी नाही. शेखवाड्यातल्या बायका मध्येच उर्दू घालून बोलायच्या, तर तू उर्दूत त्यांना झापायचीस. कोणी बरं झालं की बाया मेरीमायला मेणबत्ती लावायला यायच्या, हिंदू, मुसलमान, सगळ्या. मी लावायची नाही. तू कधी विचारलं नाहीस का लावत नाही. मी मात्र तुला विचारायची, का लावतेस?

"सुभे, देव नाई तं मी रोज कोनाशी बोलून राहिली?"

"सोताशी."

"सोताशी बोलाले येवढं पाठांतर कायले लागते वं?"

तुझ्या या प्रश्नाला मला अजून उत्तर सापडलेलं नाही. तथागतांनी देवावाचून माणसाला उभं केलं, हे मी मानते आणि शेवटपर्यंत मानीन. पण तू ज्याच्याशी बोलायचीस त्याच्यामुळे तू अशी होतीस, हेही मी पाहिलं आहे. या दोन गोष्टींची सांगड मला घालता येत नाही. घालायची घाईही नाही.

आणि ती मराठी मिस्सा! रोमहून निरोप आला की पूजा आता लोकांच्या भाषेत करायची. तोवर फादर तुमच्याकडे पाठ करून लॅटिनमध्ये बोलायचे. तू धावत माझ्या शाळेत आलीस, छापील कागद पुढे टाकलास. "वाचून पाय. हे मराठी हाये का?" पुस्तकी मराठी होती, स्वच्छ, सुंदर. मला आवडली. तू वैतागलीस. "दाऊदकाकूले यातलं निम्मं समजनार नाई. 'अन्न' काय लिहून राहिले? भाकर म्हना ना सरळ."

"देवासमोर बोलाचं तं नीट बोलाले नोको का?"

"काहून? देवाले वऱ्हाडी समजत नाई का?"

वर्गातली पोरं पाटी सोडून आपलं भांडण ऐकत होती. बघ, हे लिहितानाही मी पुस्तकीच लिहिते आहे. मास्तरीण झाल्यापासून हात दुसरं काही लिहीतच नाही. तो कागद शेवटी तसाच वाचला गेला. पण दर रविवारी मिस्सा झाल्यावर पडवीत बसून तू म्हाताऱ्या बायांना सगळं पुन्हा आपल्या बोलीत सांगायचीस, आणि त्या हुंकार भरायच्या, हसायच्या, मध्येच येशूला सल्लाही द्यायच्या. एकदा मीही खांबाला टेकून ऐकलं. त्या दिवशी मला वाटलं, या जुन्या देवळात इतक्या वर्षांत जे काही बोललं गेलं असेल, त्यातलं हे सगळ्यात खरं.

होळी झाल्यावर तुझं पोट दुखायला लागलं. तू लपवलंस. दुसऱ्याची जीभ आणि डोळे पाहून दुखणं ओळखणारी तू, स्वतःचं दुखणं ओळखलं नसशील असं मी मानत नाही. अकोल्याला नेलं तेव्हा गाठ खूप वाढली होती. मी शनिवारी शाळा सुटल्यावर आले. तू इतकी लहान दिसत होतीस की खाटेवर कोणी नाहीच असं क्षणभर वाटलं. मी एस.टी.त बसून सगळं ठरवून आले होते, तुला काय काय सांगायचं ते. दोराचं सांगायचं होतं. फायनलचं सांगायचं होतं. पोरगी आता कॉलेजात जाते, ती तुझ्यामुळे जगली आहे, हे सांगायचं होतं.

तू बोलूच दिलं नाहीस. कवेलू फेरले का, पावसाळ्याआधी देवळाचं छप्पर झालं पाहिजे. दवाखान्यातल्या अमक्या बाईचे दिवस भरत आले, तिला आडवाटेने चालवू नका. मग थोडं थांबून म्हणालीस, "मले नेरखेडले न्या. इथल्या कबरस्तानात नोको. मी मोठ्या सिस्टरले सांगतलं, आन त्याईनं हो म्हटलं. पाय, मागतलं की भेटते."

मी म्हटलं, "आज्ञा केली असन तुनं."

तू हसलीस. हसताना दुखलं. मी तुझा हात धरला आणि एवढंच म्हटलं, "येतो." आपल्याकडे निघताना असंच म्हणतात. जे सांगायला आले होते ते सगळं तसंच परत घेऊन मी एस.टी.त बसले. रडले नाही. खिडकीतून शेतं बघत बसले.

तुला आणलं त्या दिवशी देवळात बसायला जागा नव्हती. म्हातारा पाटील काठी टेकत आला आणि मागे दाराशी उभा राहिला. त्याच्या सुनेचं बाळंतपणही तूच केलं होतंस. कोणी त्याला पुढे बोलावलं नाही, कोणी जा म्हटलं नाही.

खड्ड्याशी पोचल्यावर नव्या फादरांनी विचारलं, "यांच्या जवळचं कोण आहे? पहिली माती त्यांनी द्यावी." तुझे आईबाप कधीच गेलेले, भाऊ दूर रेल्वेत, पोचलेला नव्हता. दाऊदकाकूंनी मला पाठीवर हात ठेवून पुढे केलं.

"तुम्ही कोण?" फादरांनी विचारलं.

"मैतरीण," मी म्हटलं.

मूठभर माती उचलली. ती गरम होती. तुमची प्रार्थना मला पाठ आहे, शाळेत रोज म्हणायचो. पण मी ती मानत नाही, आणि न मानता म्हटलेली तुला चालली नसती. मग मी माझं म्हटलं. त्रिशरण म्हटलं, पालीत, जसं आम्ही आमच्या माणसांसाठी म्हणतो तसं. पहिली ओळ मी एकटीने म्हटली. दुसऱ्या ओळीला मागून बाचा आवाज आला, मग कुदळी धरून उभ्या असलेल्या पोट्ट्यांचा, मग वस्तीतल्या बायांचा. फादर चमकले. त्यांनी हातातलं पुस्तक मिटलं आणि मान खाली घातली.

आम्ही थांबलो. मग दाऊदकाकूंनी कपाळाला, छातीला हात लावून मोठ्याने "आमेन" म्हटलं, आणि त्यांच्या मागून सगळ्यांनी म्हटलं.

मी मूठ उघडली.